पकडीवरचं कुंकू

पहिली थप्पड बसली तेव्हा मी हत्यारांच्या पूजेपुढच्या दिव्यात तेल घालत होते. आवाज इतका कोरडा होता की मला वाटलं, शेडच्या पत्र्यावर वरून काहीतरी पडलं. वळून बघितलं तर मिस्त्रींची टोपी खाली सांडलेल्या तेलात, आणि आप्पासाहेब आपला तळहात सदऱ्याला पुसत होते, जणू त्यांच्याच हाताला घाण लागली होती.

“पिन दे,” ते म्हणाले.

“नाय देत, आप्पासाहेब.”

दुसरी कानावर बसली. मिस्त्री एका अंगाला कलले, गाडीच्या मडगार्डला धरून सावरले. उजवी मूठ त्यांनी उघडली नाही.

मिस्त्री म्हणजे माझे मालक. गारखेड्यापासून पुंडलिकनगरापर्यंत सगळे त्यांना केरबा मिस्त्री म्हणतात. मालकाचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, म्हणून लग्नापासून मीही मिस्त्रीच म्हणत आले. पुढे शेड, मागे दोन खोल्या, एवढा आमचा संसार. मूलबाळ झालं नाही. दिवसभर ते गाडीखाली, आणि मी पायरीवर बसून रॉकेलमध्ये नट-बोल्ट धुणार, मापाप्रमाणे डब्यांत टाकणार. बोल्ट हातात घेतला की डोळे मिटूनही सांगते, कितीचा पाना लागेल ते. दुसरं मला फारसं काही येत नाही.

तो दिवस खंडेनवमीचा. नवरात्रात मी नऊ दिवस अनवाणी असते. पहाटे कर्णपुऱ्याच्या देवीला चालत जाऊन आले आणि लाल फडक्यावर हत्यारं मांडली. पाने, छिन्न्या, कानशी, मोठा हातोडा. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. या दिवशी हत्याराला विसावा द्यायचा, उचलायचं नाही, असं माझी आई सांगायची. फक्त पक्कड पूजेत नव्हती. मिस्त्री दर वर्षी या दिवशी पक्कड खाकी पँटच्या मागच्या खिशात घालून बसायचे आणि मागितली तरी द्यायचे नाहीत. कितीतरी वर्षं आम्ही त्यावरून भांडत आलो होतो. मी म्हणायचे, “एवढं एकच हत्यार बिनपूजेचं ठेवता, बरं दिसतं का?” ते म्हणायचे, “तिला नको कुंकू.” मग मीच त्यांच्या पाठीमागून जाऊन खिशावर चार अक्षता टाकायचे.

गाडी आप्पासाहेबांच्या वडिलांची होती. पन्नास वर्षांपूर्वीची लँडमास्टर, पाचोडच्या गोठ्यात कडब्याखाली दबून पडलेली. दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी बापाच्या गाडीतून उतरायचं आणि तिथंच निवडणुकीचा नारळ फोडायचा, असं आप्पासाहेबांनी गावभर सांगून ठेवलं होतं. दसरा दुसऱ्या दिवशी. सात महिने मिस्त्री त्या गाडीत होते. इंजिन झालं, पत्रा झाला, रंग झाला. राहिलं होतं ब्रेकचं पेडल.

पेडल ज्या बोल्टावर झुलतं, तो मधे झिजून बारीक झाला होता. आप्पासाहेबांनी दुकानातून नवा आणून दिला. चकचकीत, डोक्यावर ८.८ असा आकडा उठवलेला. तो आकडा म्हणजे बोल्टाच्या ताकदीची हमी. मिस्त्रींनी त्यावर कानस फिरवून पाहिली. चांगल्या पोलादावरून कानस नुसती सरकते, कुई करते. इथे ती गुळात जावी तशी आत गेली. “आकडा खोटा हाय,” म्हणाले आणि तो बोल्ट नुसता पेडल अडकवून ठेवण्यापुरता घातला. मग जुन्या ट्रकच्या ॲक्सलचा तुकडा घेऊन त्यांनी चिकलठाण्याच्या सांडू लेथवाल्याकडे नवा कातायला दिला. नट कसा पाहिजे तेही कागदावर काढून दिलं. आत नायलॉनची कडी असलेला नट नको. डोक्याला खाचा असलेला, खाचेतून आरपार स्प्लिट पिन जाईल असा. “जिथं मानसाचा पाय रोज हजारदा दाबतो, तिथं नट भरवशावर सोडायचा नसतो, त्याला खिळायचा असतो,” असं ते म्हणायचे. पण सांडूचं लेथही नवमीला पूजेत. बोल्ट दसऱ्यानंतर मिळणार होता.

तोवर कुणी गाडी हलवू नये म्हणून मिस्त्रींनी पेडलला ब्रेकच्या दांडीशी जोडणारी पिन काढून घेतली होती. करंगळीएवढी पिन, जुन्या इंग्रजी मापाची, बाजारात दुसरी मिळायची नाही. ती नसली की पेडल नुसतं लोंबतं. तीच त्यांच्या मुठीत होती.

आप्पासाहेबांबरोबर दोन माणसं होती. एक त्यांचा ड्रायव्हर रामकिसन, काडीसारखा, खाली मान घालून उभा. दुसरा दंडाला काळा दोरा बांधलेला धिप्पाड माणूस. त्याचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.

“हळूच नेतो म्हनलं ना?” आप्पासाहेब म्हणाले. “बैलगाडीच्या चालीनं. पाचोड काय मुंबई हाय का?”

“चालवाल हळू. थांबवाल कशी?”

“सगळे साले एकाच दिवशी देवाला बसलेत. लेथवाला पूजेत, तू पूजेत. अन् मी काय गाढवावर बसून जाऊ सोनं लुटाया?”

“पूजेचं नाय, आप्पासाहेब. तुमी आनलेला बोल्ट कच्चा हाय. दाबला अन् तुटला तं पाय पार फळीला जाईल, गाडी नाय थांबायची.”

“गाडी माझ्या बापाची हाय!”

“गाडी तुमचीच. पिन लावनारा हात माझा हाय.”

धिप्पाड माणूस हसला. “मिस्त्री, पिनच हाय का बायकोचं डोरलं? लईच जपायलाय की.”

आणि हसता हसताच त्याने मिस्त्रींच्या पोटात गुडघा घातला. ते दुमडले. त्याने मानेला धरून त्यांचं तोंड गाडीच्या दारावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. नव्या पांढऱ्या रंगावर रक्ताचा फराटा उठला, तेव्हा आप्पासाहेब ओरडले, “आरं, रंगाला जप!”

मी दिव्याची वाटी खाली ठेवली. मला मोठ्यानं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. जवळ जाऊन म्हणाले, “आप्पासाहेब, सणाचा दिवस हाय. म्हाताऱ्या मानसावर हात टाकू नगा.”

“मग सांग त्याला, मूठ उघड म्हन. मी काय हौसेनं मारायलो?”

मिस्त्री जमिनीवर होते. धिप्पाड माणसानं त्यांच्या डाव्या मनगटावर बूट ठेवला आणि सगळा भार देऊन फिरवला, विडी विझवतात तसा. ते ओरडले नाहीत, नुसता श्वास आत ओढला. मग त्यानं त्यांचा उजवा हात ओढून ऐरणीवर दाबला. बोटं मुठीत गच्च. आप्पासाहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि फडक्यावरचा हातोडा उचलला. झेंडूची फुलं घरंगळत माझ्या पायाशी आली. हातोड्याच्या तोंडावर माझी पाच बोटं कुंकवाची उमटलेली होती.

“शेवटचं सांगतो. उघड.”

“नाय.”

हातोडा पडला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. मूठ तशीच. पुन्हा पडला. कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं ते कळेनासं झालं. रामकिसननं तोंड फिरवलं.

मी जाऊन मिस्त्रींचे पाय धरले. “द्या ना ती पिन! लोखंडाचा तुकडा हाय नुसता. जाऊ द्या गाडी, जाऊ द्या तिकडं! एका गाडीनं माझा भाऊ खाल्ला, आता तुमाला...”

“गाडीनं नाय खाल्ला,” मिस्त्री म्हणाले.

ओठातून रक्ताची तार लोंबत होती, पण आवाज नेहमीचा होता, पाना मागताना असायचा तसा.

“मंजुळा, सोनाजीच्या जीपला पिन म्या लावली व्हती. स्प्लिट पिन नुसती बोटानं सरकवली. तिचे पाय उघडले नाय. पक्कड तुझ्या पूजेत व्हती. पकडीवर कुंकू व्हतं.”

स्प्लिट पिन म्हणजे दुहेरी तार. भोकातून आरपार घालायची आणि पलीकडून तिचे दोन पाय पकडीनं उघडून मुरडायचे. पाय मुरडले की ती जन्मात निघत नाही. नाही मुरडले, तर गाडीच्या धक्क्याधक्क्यानं सरकत बाहेर येते. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

बावीस वर्षांपूर्वीची खंडेनवमी. सोनाजी माझा थोरला भाऊ, पाचोडच्या रस्त्यावर जीप चालवायचा. ब्रेकचं काम मिस्त्रींनी आदल्या दिवशी संपवत आणलं होतं, एक पिन तेवढी राहिली होती. सकाळी सोनाजी गाडी न्यायला आला तोवर माझी पूजा झालेली. मिस्त्रींनी फडक्यावरच्या पकडीला हात घातला आणि मी आडवी झाले. लग्नाला चार वर्षं होऊन कूस उजवली नव्हती. त्या वर्षी मी देवीला नवस बोलले होते. “पुजलेल्या हत्याराला हात लावू नगा,” म्हणाले, “आई कोपंल.” सोनाजी हसला. “दाजी, माझी भैन म्हनती तं ऐका. नाय तर तुमाला दसऱ्यालाबी उपाशी ठेवील.” मिस्त्रींनी पक्कड परत ठेवली, गाडीखाली गेले आणि लगेच बाहेर आले. दोघेही हसत त्याच जीपमधून गेले. मिस्त्रींना पाचोडला काही काम होतं.

पाचोडचा बाजार भरलेला होता. उतारावर ब्रेक लागला नाही. जीप सरळ पालांत घुसली. मेथीच्या जुड्या बांधत बसलेली एक भाजीवाली आणि तिची सून, दोघी चाकाखाली गेल्या. लोकांनी सोनाजीला खिडकीतून ओढून काढलं. बैलगाड्यांच्या कडेच्या लाकडी उभाऱ्या उपसल्या. दगड, तराजूची वजनं, ज्याच्या हाताला जे लागलं ते. तो हात जोडून “ब्रेक, ब्रेक” म्हणत होता, असं पुढे मला एकानं सांगितलं. मग कुणीतरी दोन किलोचं वजन त्याच्या जबड्यावर मारलं आणि तो शब्दही थांबला. आम्हाला मिळाला तेव्हा त्याला ओळखायला मी त्याच्या कानातली बाळी बघितली होती. जीपमध्ये कुणा प्रवाशाची दारूची बाटली सापडली. झालं. सोनाजी पिऊन गाडी चालवत होता, हे त्या दिवशी ठरलं ते ठरलं. त्याची बायको राजाबाई, माझी वहिनी, बावीस वर्षं ते ऐकत आली. तिच्या मुलाच्या सोयरिकीत तेच निघालं. आणि खोटं कशाला सांगू, मीही मनातल्या मनात भावाला दोष दिला होता.

“तुमी तिथं व्हतात,” मी म्हणाले.

“व्हतो. उताराच्या वर जीपमधून उतरलो व्हतो, पळत आलो. वीस पावलावर व्हतो. जीपखाली वाकून पाह्यलं, पिन नव्हती. उठलो तं त्याला मारायलेले. तोंड उघडलं असतं तं त्या उभाऱ्या माझ्यावर आल्या असत्या. म्या गप उभा राह्यलो.” त्यांनी रामकिसनकडे मान वळवली. “ही पिन देतो म्या, पोरा. पन गाडी तू चालवनार हायस. मारतील ते तुला मारतील, बोल्ट आननाराला नाय.”

“कीर्तन लावलंय काय?” आप्पासाहेब म्हणाले आणि तिसरा घाव घातला.

मूठ आपणहून उघडली नाही. तिच्यात धरण्यासारखं काही उरलंच नाही. पिन ऐरणीवरून खाली टणकन पडली.

“रामकिसन, खड्ड्यात उतर अन् लाव.”

रामकिसन उतरला. आमच्या शेडमध्ये कमरेच्या वर येईल एवढा खोल खड्डा आहे, गाडी त्याच्यावर उभी करून खालून काम करायचं. तो खाली किती वेळ खटपट करत होता कोण जाणे. वर आला तेव्हा म्हणाला, “बसवली. स्प्लिट पिन नव्हती, खिळा घातला.”

“बस गाडीत.”

रामकिसन हलला नाही.

“बस म्हनलं ना!”

“मालक, तुमी मारा मला,” तो म्हणाला. “इथं मारा. चार मानसांत मारा. बाजारात नगा मारायला लावू.”

आप्पासाहेबांनी त्याला मारलं. आधी हातानं, मग पायातला जोडा काढून, तोंडावर, डोक्यावर. तो खाली बसला आणि दोन्ही हात डोक्यावर धरून मार खात राहिला, पण गाडीकडे गेला नाही. धिप्पाड माणूस मिस्त्रींना सोडून ते बघत उभा होता.

मी मिस्त्रींजवळ बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मान वळवून आपल्या मागच्या खिशाकडे. दोन्ही हात त्यांचे निकामी झाले होते. मी खिशातून पक्कड काढली. हाताला ती गरम लागली, त्यांच्या अंगाची ऊब होती तिला. गाडीच्या मागून गेले आणि खड्ड्यात उतरले.

खाली अंधार, तेलाचा चिखल. अनवाणी पायाला काच लागली, ती कळली पण दुखली नाही. वर दार आपटल्याचा आवाज झाला. आप्पासाहेब स्वतः बसले होते. इंजिन सुरू झालं. सात महिने मिस्त्रींनी लाडानं लावलेलं इंजिन माझ्या डोक्यावर गुरगुरलं. अंगावर धूर आला. मी चाचपडत पेडलची दांडी शोधली, तिच्या खाली पिन, पिनेच्या टोकाला खिळा. खिळ्याचं टोक नुसतंच बाहेर आलेलं, मुरडलेलं नव्हतं. रामकिसनच्याही हातात पक्कड नव्हती.

खिळा पहिल्याच झटक्याला आला. पिन अडली. आप्पासाहेबांनी वरून पेडल दाबलं तशी दांडी माझ्या बोटांवर आदळली, नख उलटं झालं. मी तोंडातल्या तोंडात देवीआईचं नाव घेतलं, पकडीत पिन धरली आणि पाय खड्ड्याच्या भिंतीला लावून ओढली. ती आली.

वर त्यांनी पुन्हा पेडल दाबलं. ते धप्पकन फळीला टेकलं आणि तिथंच राहिलं.

“कोन हाय खाली?”

“मी हाय.”

“नीघ भाईर! नाय तर डोक्यावरून गाडी काढीन.”

“काढा,” मी म्हणाले. “पुढं रस्ता हाय, रस्त्यावर मानसं हायेत. ब्रेक नाय गाडीला.”

इंजिन चालू होतं. मी वर बघत उभी होते. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात पिन. गाडीच्या पोटातून तेलाचा थेंब निघून कपाळावर पडला, डोळ्यात उतरला. मी डोळा पुसला नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग इंजिन बंद पडलं. दार उघडलं. पायांचा आवाज मिस्त्रींकडे गेला, दोन लाथांचा आवाज आला, शिव्या आल्या, आणि ते ज्या जीपनं आले होते ती निघून गेल्याचा आवाज आला. रामकिसनला ते तिथंच टाकून गेले. त्यानंच रिक्षा आणली.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात मिस्त्रींच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. डावं मनगट मोडलं होतं. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? मिस्त्री म्हणाले, जॅक निसटला. मी त्यांच्याकडे बघितलं. डॉक्टर गेल्यावर ते म्हणाले, “सोनाजीला मारनारांची नावं म्या सांगितली व्हती का? मग ह्याचं कोन्या तोंडानं सांगू?”

दसरा तिथंच गेला. गाडी पुढे कुणीतरी साखळदंड लावून ओढून नेली.

त्या दिवसांत मी त्यांना घास भरवला, अंघोळ घातली, टोपी घालून दिली. बोलले मात्र काही नाही. राग त्यांच्यावर होता असं म्हणावं, तर पक्कड मीच उचलू दिली नव्हती. स्वतःवर होता म्हणावं, तर गर्दीत गप्प ते उभे राहिले होते. दोन्हीकडून तो परत माझ्याकडेच यायचा. देवीपुढे बसले तरी मला काही विचारावंसं वाटेना.

दिवाळीच्या चार दिवस आधी भाकरीचा तुकडा तोंडापाशी नेला, तेव्हा ते म्हणाले, “राजाबाईकडं जायाचं.”

“चला,” मी म्हणाले. पंधरा दिवसांत नाही, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

राजाबाई पाचोडच्या पलीकडे वस्तीवर राहते. आम्ही पोचलो तेव्हा मेंढरं नुकतीच बाहेर काढली होती आणि ती काठी घेऊन मागे राहिलेल्या एका लंगड्या मेंढीला हाकत होती.

“या वन्सं,” ती म्हणाली. “दाजी, आगं बया, हाताला काय झालं?”

मिस्त्री बसले नाहीत. अंगणात उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. बोल्ट नाही, आप्पासाहेब नाही, नुसतं सोनाजीचं. पिन, बोट, बाजार, वीस पावलं. त्यांचं संपल्यावर मी माझं सांगितलं. पक्कड कुणी उचलू दिली नाही ते.

राजाबाई ऐकत होती. मग तिनं काठी दोन्ही हातांनी धरली आणि मिस्त्रींच्या पाठीत घातली. ते खाली बसले. दुसरी खांद्यावर बसली, काठीचं टोक चिरलं. मी मधे गेले नाही. तिसऱ्यांदा काठी वर गेली आणि वरच थांबली.

“मंग त्यो पेलेला नव्हता?”

“नव्हता,” मिस्त्री म्हणाले.

“थेंबभरबी?”

“माझ्या हातचा च्या पिऊन गेला व्हता, वयनी,” मी म्हणाले. “त्याला नवमीचा उपास व्हता.”

काठी हळूहळू खाली आली. ती घरात गेली. दारात आलेल्याला पाणी द्यायचं, एवढं हातांना सवयीनं माहीत असावं, कारण दोन तांबे घेऊन ती बाहेर आली. एक माझ्या हातात दिला. दुसरा मिस्त्रींच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला आणि त्यांच्याकडे न बघता परत आत गेली.

आतून तिचा आवाज आला. “पुंजाराम, ऊठ. ऊठ म्हनते ना. तुझा बाप पेलेला नव्हता.”

पोरगा झोपेतून काहीतरी पुटपुटला. तिनं पुन्हा सांगितलं. मग सुनेला सांगितलं. मग मागच्या दारानं बाहेर पडून काट्याच्या कुंपणावरून शेजारच्या आवडाबाईला, जरा मोठ्यानं. “आगं, ऐकलं का? माझा मालक पेलेला नव्हता.” आवडाबाई “काय?” म्हणाली. तिनं आणखी मोठ्यानं सांगितलं, आणि पुढच्या घराकडे गेली.

मिस्त्रींचा एक हात पट्टीत, एक प्लास्टरमध्ये, दोन्ही मांडीवर. तांब्या काठोकाठ भरलेला होता. तो उचलून त्यांच्या तोंडाला लावावा असं मला वाटलं, आणि मी लावला नाही. राजाबाईचा आवाज एकेका दारात थांबत वस्तीच्या टोकाला जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून ऐकत होतो.